न दिसण्याची किंमत

डोमिनियन्स ५ या गेममध्ये प्रांताच्या शिबंदीचा भाव ठरलेला आहे. पहिला अंक एका नाण्याला, दुसरा दोन नाण्यांना, दहावा दहा नाण्यांना. असं करत दहापर्यंत पोचायला एकूण ५५ नाणी लागतात, विसापर्यंत २१० आणि तिसापर्यंत ४६५. आता राज्यात वीस प्रांत आहेत असं धरा. सगळीकडे दहाची शिबंदी ठेवायची तर ११०० नाणी गेली, विसाची ठेवायची तर ४२००. शेजाऱ्याकडे मात्र कोणाला न दिसता सरहद्द ओलांडणारे दहा-बारा कसलेले घोडेस्वार आहेत आणि दहाची शिबंदी त्यांच्या हिशेबी नाश्ता आहे. हे दहा-बारा जण एका वेळी एकाच प्रांतात असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. तो प्रांत कोणता, हे मात्र एकालाच ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला वीसच्या वीस प्रांतांचं बिल भरावं लागतं.

ज्या पुस्तकाविषयी मी इथे लिहितो आहे, ते या बिलाविषयी आहे. जादू, राक्षस आणि देवदेवता असलेले, अनेकांनी एकमेकांविरुद्ध खेळायचे जे स्ट्रॅटेजी गेम आहेत, त्यांत लपून चालणं आणि छापे घालणं या दोन गोष्टींचा तोल कसा साधायचा, हा त्याचा विषय. खेळणाऱ्यांमध्ये यावर जितकी भांडणं होतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. हरलेला म्हणतो, हे युनिट जास्तच भारी आहे, याला कापा. जिंकलेला म्हणतो, तुला गस्त ठेवता आली नाही त्याला मी काय करू. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना ते कुठे आडवं येतंय हे वाचकाला कळेल. न दिसणं ही लपणाऱ्याच्या अंगातली ताकद नव्हे, तो समोरच्यावर बसवलेला कर आहे. त्यामुळे लपणाऱ्या घोडेस्वाराची तलवार दोन अंकांनी बोथट केली, त्याचा भाव पाच नाण्यांनी वाढवला, तरी मूळ दुखणं तसंच राहतं. कर किती, तो कोणी भरायचा, एकदाच की दर टर्नला, आणि भरून झाल्यावर त्याच्या बदल्यात काही हाती लागतं का, ही चार उत्तरं बदलली की गेम बदलतो. पुस्तकाचे लेखक हीच गोष्ट जास्त सभ्य शब्दांत आणि बऱ्याच जास्त पानांत मांडतात.

डोमिनियन्स ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढची निम्मी उदाहरणं त्यातलीच आहेत. इलविंटर गेम डिझाइन ही स्वीडनमधली अगदी छोटी कंपनी; योहान कार्लसन आणि क्रिस्टोफर ऑस्टरमान या दोघांनी मुख्यतः हा गेम घडवला. तिसरी आवृत्ती २००६ मध्ये, चौथी २०१३ मध्ये, पाचवी २०१७ मध्ये आणि सहावी जानेवारी २०२४ मध्ये आली. चित्रं साधी, जुन्या वळणाची. पण पोटात पुराणांचा खजिना आहे. प्रत्येक खेळाडू देवपदाचा दावेदार असतो आणि त्याच्यामागे एकेक राष्ट्र. नॉर्स कथांमधले वानीर आहेत, आयरिश कथांमधले शी आहेत, ग्रीक वळणाचे सॅटर आणि सेंटॉर आहेत. आपल्याकडचीही मंडळी भेटतात: पहिल्या युगात कैलास आणि लंका, मधल्या युगात किपलिंगच्या जंगलातून आलेले बंदरलोग, शेवटच्या युगात पाताळ. मर्कट आणि वानर पलटणीत भरती करताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर हसू येतंच.

या गेममध्ये सगळे खेळाडू एकाच वेळी हुकूम देतात. तुम्ही तुमची टर्न भरून पाठवता, बाकीचे त्यांची पाठवतात, आणि यजमान संगणक सगळ्यांचे हुकूम एकदम उलगडतो. लढाई चालू असताना हात घालता येत नाही. सरदाराला सुरुवातीच्या पाच चाली सांगून ठेवायच्या आणि नंतर निकाल पाहायचा. दिवसाला किंवा दोन दिवसांना एक टर्न अशा गतीने एकेक डाव महिनोन्‌महिने चालतो. संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर टर्न उघडायची आणि कुठे काय जळलं ते बघायचं, असा हा छंद आहे. छाप्याला अशी संथ, आंधळी, एकदम उलगडणारी रचना फार मानवते. समोरचा काय करतोय हे दिसल्यावर हुकूम बदलण्याची सोय नसते.

छापा कशासाठी घालतात? नवशिका म्हणेल, लुटीसाठी. डोमिनियन्समध्ये लूट तशी किरकोळच. प्रांत ताब्यात राहील तेवढेच दिवस त्याचा महसूल मिळतो, आणि छापेखोर फार दिवस बसून राहत नाही. खरा परिणाम इतरत्र होतो. समोरच्याचा महसूल बुडतो, देऊळ पडतं, जादूचे खडे मिळणारं ठिकाण हातचं जातं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्या मुख्य सैन्याला मागे वळून पाहावं लागतं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १७२८ साली निजामाच्या मागे न धावता बाजीरावाने त्यालाच आपल्यामागे धावायला लावलं, खानदेश, गुजरात, बुऱ्हाणपूरच्या रोखाने हुलकावण्या देत त्याचा जड तोफखाना मागे पाडला आणि शेवटी पालखेडला पाणी तोडून कोंडलं. त्या मोहिमेत जाळपोळ-लूट झाली नाही असं नाही, पण हिशेब लुटीचा नव्हता. शत्रूने कुठे असावं हे आपण ठरवायचं, हा होता.

डोमिनियन्समधल्या एका नियमामुळे या हिशेबाला विलक्षण धार येते, आणि तो नियम जवळून पाहण्यासारखा आहे. लढाईत जे सैनिक घाबरून पळतात, ते शेजारच्या आपल्या मालकीच्या प्रांतात जाऊन पोचतात. असा प्रांतच शेजारी उरला नसेल, तर ते पळालेले सगळे मेले असं धरलं जातं. एवढाच नियम. आता मधल्या युगातलं उल्म हे राष्ट्र घ्या. पायापासून डोक्यापर्यंत लोखंडात मढवलेलं पायदळ, चाल मंद, जादू बेताची, समोरासमोर भिडलं तर भल्याभल्यांचे दात घशात घालणारं. समजा उल्मचं शंभर जणांचं सैन्य वानीरांच्या वानहाइम या राष्ट्राच्या हद्दीत शिरून एका किल्ल्याला वेढा घालून बसलं आहे. त्याच्या पाठीशी उल्मचे तीन प्रांत आहेत. वानहाइमचा खेळाडू त्या शंभरांना हातच लावत नाही. त्याच्या दोन टोळ्या दोन टर्न आधीच, कोणाला न दिसता, त्या तीनपैकी दोन प्रांतांत जाऊन बसल्या आहेत. नकाशावर ते प्रांत उल्मच्याच रंगात आहेत. शिबंदी पाच-पाचची, कारण पुढच्या आघाडीवर खर्च झालेला. मग एका टर्नला दोन्ही टोळ्या उठतात आणि उभ्या आहेत तेच प्रांत ताब्यात घेतात.

उल्मच्या खेळाडूला निकाल दिसतो. तो म्हणतो, ठीक आहे, तिसरा प्रांत आहे ना अजून, पुढच्या टर्नला माघार घेऊ. पण जादूचे विधी सैन्याच्या हालचालींच्या आधी उलगडतात. त्या टर्नला वानहाइमचा मांत्रिक दूरच्या किल्ल्यात बसून लांडग्यांचा एक कळप त्या तिसऱ्या प्रांतावर सोडतो, शिबंदी फुटते, आणि हालचालींची वेळ येते तेव्हा उल्मचं सैन्य बेटावर उभं असतं. आता वानहाइमच्या मुख्य फौजेने त्यावर हल्ला चढवला, की त्या शंभरांना मारून टाकायची गरज नाही. त्यांना फक्त घाबरवायचं आहे. वीस पडले, उरलेले पळाले, आणि पळालेले ऐंशीच्या ऐंशी नोंदीतून पुसले गेले. उल्मच्या खेळाडूने लढाईची चित्रफीत कितीही वेळा पाहिली तरी त्याची माणसं तिथे नीटच लढताना दिसतात.

हे सौंदर्य आहे, असं मी म्हणेन. ज्याचं सैन्य गेलं तो वेगळा शब्द वापरेल. आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण तोलाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. हे टाळण्यासाठी तो काय करू शकत होता? पाठचे तीन प्रांत भक्कम ठेवू शकत होता. म्हणजे विसाच्या शिबंदीला प्रत्येकी २१० नाणी. गस्त ठेवू शकत होता. म्हणजे सैन्याचा एक तुकडा पाठीमागेच अडकवायचा, आणि तरीही टोळी सापडेलच याची हमी नाही. गस्तीवर माणसं जितकी जास्त तितकी शक्यता जास्त, पण शेवटी फासा पडतो. हेर पेरले तर? बहुतेक सगळ्या राष्ट्रांकडे स्वस्तातला टेहळ्या असतोच. पण हा टेहळ्या उघड्यावरचं सैन्य मोजतो, लपलेली टोळी त्यालाही दिसत नाही. आणि अशांतता दडपण्यासाठी गस्त फिरवत राहिलं की प्रजाच कमी होत जाते, म्हणजे महसुलावर पुन्हा घाव. उल्मच्या हातात उत्तरं आहेत, पण प्रत्येक उत्तर महाग आहे आणि दर टर्नला नव्याने महाग आहे.

वानीर आणि शी यांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. त्यांच्याकडे ग्लॅमर नावाची मायावी शक्ती असते. त्या स्वारांभोवती भास उभे राहतात, आणि पहिला घाव बहुधा भासावरच वाया जातो. म्हणजे लपणं, छापा घालणं आणि समोरासमोर टिकून राहणं, या तिन्ही गोष्टी एकाच घोड्यावर बसवलेल्या. पहिल्या युगातल्या हेलहाइमकडे तर या सगळ्यावर उडणाऱ्या वाल्किरी आहेत. अनुभवी खेळाडू हेलहाइम शेजारी आलं की कपाळाला हात लावतात, ते याचसाठी. सहाव्या आवृत्तीत ग्लॅमर ही जादूची स्वतंत्र शाखाच करून टाकली. लेखकांना तो निर्णय फार आवडला आहे. माझं मत अजून बनलेलं नाही, पण निदान आता त्या शक्तीची किंमत, तिच्यावरचा उतारा आणि तिचं शिक्षण हे सगळं एका जागी दिसतं.

इथे थोडं मागे जातो. खेळात सैन्य लपवायचं तर पंच लागतो, ही अडचण जुनी आहे. पटावर सोंगट्या उघड्या असतात. बुद्धिबळात कोणी घोडा लपवून आणत नाही. प्रशियात १८२४ साली धाकट्या राइसव्हिट्झने आपला क्रीगश्पील हा लष्करी खेळ मांडला, तेव्हा दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून कोणाला काय दिसलं हे ठरवणारा पंच त्यात होता. संगणक आला आणि हा पंच फुकट मिळाला, न थकणारा, न फितणारा. आणि लपणाऱ्याचं पात्र आलं ते दुसरीकडून. टोल्किनच्या १९३७ च्या द हॉबिटमध्ये बिल्बोला बुटक्यांची टोळी नेते ती घरफोड्या म्हणून. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये चोर हा वर्ग आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत: सावलीत लपायचं, पाय न वाजवता चालायचं, पाठीत वार करायचा. पण तिथे चोर हा चार-पाच सोबत्यांपैकी एक असतो, आणि समोर पंचाने चालवलेला राक्षस असतो. राक्षसाला राग येत नाही. हाच चोर उचलून स्ट्रॅटेजी गेममध्ये राष्ट्राच्या आकाराचा केला आणि समोर जिवंत माणूस बसवला, तेव्हा तोलाचं संकट उभं राहिलं. ते पाठीतल्या वाराचे गुण मूळचे जिवंत माणसाला फसवण्यासाठी आखलेलेच नव्हते.

वॉरक्राफ्ट ३ ने हे संकट अगदी वेगळ्या वाटेने सोडवलं, आणि माझ्या मते जास्त हुशारीने. हा २००२ चा गेम, त्याची फ्रोझन थ्रोन ही पुरवणी २००३ ची. टर्न नाहीत, सगळं धावतं. डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. ऑर्कांचा ब्लेडमास्टर हा त्यातला नामांकित छापेखोर. विंड वॉक केलं की अदृश्य, वर पाय जास्त वेगाने उचलतो, आणि प्रकट होताना पहिला घाव जोरकस. हे महाशय शत्रूचे मजूर मारतातच, पण त्यांची खरी ख्याती उचलेगिरीची आहे. तुम्ही दोन मिनिटं घाम गाळून जंगलातली जनावरं मारत आणता, शेवटचं जनावर पडायच्या बेतात असतं, आणि ब्लेडमास्टर हवेतून प्रकटतो, शेवटचा घाव घालतो, खाली पडलेली वस्तू उचलतो आणि गायब. तळतळाट करून घ्यायला याहून चांगली पद्धत नसेल. तरीही ब्लेडमास्टरमुळे गेम मोडला असं कोणी गंभीरपणे म्हणत नाही.

का, तर उताऱ्याचा भाव बेताचा आहे आणि तो एकदाच भरायचा आहे. अदृश्य दाखवणारी भुकटी विकत मिळते. माणसांच्या मनोऱ्यांना अदृश्य ओळखण्याची विद्या शिकवता येते. ऑर्कांचे मजूर बुरूजवजा बिळांत शिरून तिथूनच मारा करतात. माणसांच्या शेतकऱ्यांना घंटा वाजवून थोड्या वेळापुरतं शिपाई करता येतं. म्हणजे छापा पडला तर करायला काहीतरी असतं, आणि तेही त्याच क्षणी. याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे टाउन पोर्टलची गुंडाळी. ती वाचली की नायकासकट जवळचं सगळं सैन्य घरी. किंमत ३५० नाणी. यामुळे छाप्याच्या यशाचं एक नेमकं माप मिळालं. तुझ्या छाप्याने समोरच्याला गुंडाळी फाडायला लावली का? लावली असेल तर ३५० वसूल, आणि त्याचं सैन्य तुझ्या दारातून निघून गेलं. नाही लावली तर तूच काहीतरी गमावून बसलास. दोघांनाही आकडा माहीत आहे, त्यामुळे हरणाऱ्याला रडण्यापेक्षा हिशेब करणं सोपं जातं.

त्याच गेममधलं आणखी एक पात्र मला डिझाइनच्या दृष्टीने ब्लेडमास्टरपेक्षा मोलाचं वाटतं, ते म्हणजे अनडेड बाजूची शेड ही सावली. एका अकोलाइटचा, म्हणजे बांधकाम करणाऱ्या मजुराचा, खड्ड्यात बळी द्यायचा, तेव्हा ती मिळते. ती कायमची अदृश्य असते, इतर अदृश्यांना पाहू शकते, आणि तिला हल्लाच करता येत नाही. न दिसणं आणि मारणं यांची फारकत करून टाकली. तिकडे नाइट एल्फांच्या तिरंदाज बायका रात्री अदृश्य होतात, पण जागेवर उभ्या राहिल्या तरच. चालल्या की दिसल्या. लपण्याच्या बदल्यात प्रत्येकीकडून काहीतरी काढून घेतलेलं आहे, एकीकडून शस्त्र, दुसरीकडून पाय. वानहाइमच्या स्वाराकडून काय काढून घेतलं? फक्त पैसे. तो महाग आहे, एवढंच. महागपणा हा सर्वांत दुबळा लगाम, कारण चांगल्या खेळाडूच्या हातात तो स्वार मरतच नाही आणि मग त्याची किंमत डावभर फिटत राहते.

तिसरं टोक दाखवायला लेखकांनी ट्रॅव्हियन घेतला आहे. २००४ मध्ये जर्मनीत सुरू झालेला हा ब्राउझर गेम. यात जादू नाही, रोमन, गॉल आणि ट्यूटन आहेत, पण छाप्याच्या अभ्यासाला त्याच्याइतकी नागडी प्रयोगशाळा नाही. ट्यूटनांचा सोटेवाला अत्यंत स्वस्त, आणि परतताना भरपूर माल लादून आणणारा. गॉलांची बाजू सांभाळायला त्यांना मोठ्या लपणी दिल्या. तिथे ठेवलेलं धान्य-लाकूड छापेखोराच्या हाती लागत नाही. इथे लूट खरीखुरी हस्तांतरित होते. तुमचं गेलेलं लाकूड माझ्या वखारीत येतं, त्यातून मी आणखी सोटेवाले उभे करतो, ते पुन्हा तुमच्याकडे येतात. डोमिनियन्समध्ये छापा समोरच्याला गरीब करतो. ट्रॅव्हियनमध्ये तो मला श्रीमंतही करतो. हा फरक छोटा वाटतो, पण महिन्याभरात त्याचे डोंगर होतात.

आणि ट्रॅव्हियनमध्ये लपण्याची जागा नकाशावर नसतेच, ती घड्याळात असते. गेम चोवीस तास चालू. सैन्य निघाल्यावर समोरच्याला हल्ला येतोय हे दिसतं, पण दिसायला तो जागा हवा. म्हणून छापा पोचायची वेळ पहाटे तीनची ठरवायची. आपण झोपलो की खात्यावर लक्ष ठेवायला सिटर नेमायची सोय गेमनेच दिली होती. यावरून काय ते समजावं. स्ट्रॅटेजी गेमच्या तोलावर लिहिणारे लोक युनिटांचे तक्ते मांडत बसतात आणि खेळणाऱ्याची झोप, नोकरी, परीक्षा या गोष्टी तक्त्याबाहेर ठेवतात. या पुस्तकात तसं झालेलं नाही. ‘लक्षाचा खर्च’ या प्रकरणासाठी तरी हे पुस्तक विकत घ्यावं.

त्या प्रकरणातला मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. डोमिनियन्सच्या डावात सुरुवातीला टर्न भरायला दहा मिनिटं लागतात. मध्यावर चाळीसेक प्रांत झाले, मांत्रिकांची फौज जमली, की तास-दीड तास जातो. अशा वेळी शेजाऱ्याने तीन अदृश्य टोळ्या सोडल्या, तर नाण्यांचं नुकसान होईल ते होईल, पण प्रत्येक टर्नला तुम्हाला चाळीस प्रांत डोळ्यांखालून घालावे लागतात: कुठे शिबंदी वाढवू, कुठे गस्त हलवू, कोणती वाट मोकळी आहे. तीन टोळ्या हलवायला त्याला तीन मिनिटं पुरतात. हा व्यवहार कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. हरण्याआधीच खेळाडू कंटाळतो, टर्न उशिरा पाठवू लागतो, मग एक दिवस पाठवतच नाही, आणि उरलेल्या सात जणांचा डाव खराब होतो. छापेखोराने नियमात राहून खेळाडूच पळवला.

इथेच गनिमी काव्याची उपमा आपली साथ सोडते. बाजीरावावर निजामाचा वेळ आनंदात जावा अशी जबाबदारी नव्हती. इतिहासाला तोल साधायचा नसतो. गेम घडवणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांनी उद्या पुन्हा टर्न उघडावी एवढं तरी बघावंच लागतं. आपल्याकडचे काही खेळाडू, विशेषतः ज्यांचं बालपण किल्ल्यांच्या ट्रेकमध्ये गेलं ते, छापेखोर राष्ट्र मिळालं की छाती फुगवून खेळतात आणि समोरच्याने कुरकुर केली की त्याला मोगल ठरवतात. गंमत म्हणून ठीक. पण डिझाइनचा प्रश्न मोगलाच्या खुर्चीत बसूनच सुटतो.

मग उपाय काय? लेखकांनी पुष्कळ दिले आहेत, त्यांतले निम्मे मला पटतात. एक मार्ग फार लोकप्रिय आणि फार वाईट: सगळं उघडं करणारं एखादं सर्वज्ञ यंत्र देणं. ते बांधलं की लपणारं राष्ट्र मेलंच, नाही बांधलं की दुसरं मेलं. डाव यंत्र आधी कोण बांधतो एवढ्यावर येतो. त्यापेक्षा खुणा द्याव्यात. टोळी दिसू नये, पण ती जिथून गेली तिथे अशांतता किंचित वाढावी, एखादा निरोप यावा की अमुक प्रांतात रात्री टापा ऐकू आल्या. खूण मिळाली की राखणाऱ्याला चाळीस प्रांतांऐवजी चारच प्रांतांत डोकं लढवता येतं, आणि छापेखोरालाही मुद्दाम खोटी खूण सोडून हूल देता येते. कर राहतो, पण भरणाऱ्याला पावती मिळते. दुसरं, टोळीला पोट द्यावं. अदृश्य राहून शत्रूच्या मुलखात महिनोन्‌महिने आरामात बसता येत असेल तर ते लपणं नव्हे, भाडं न भरता राहणं झालं. रसद संपली की तिने एकतर छापा घालावा किंवा घरी जावं, म्हणजे राखणाऱ्याला निदान काळाचा अंदाज येईल.

माझा आणि लेखकांचा खरा खटका उडतो तो फाशावर. त्यांचं म्हणणं, शोध हा नेमका असावा. गस्तीची ताकद इतकी, लपण्याची ताकद तितकी, मोठा आकडा जिंकला, विषय संपला. फासा आला की हरलेल्याला दैवावर ढकलायला निमित्त मिळतं. वॉरक्राफ्टसारख्या धावत्या गेममध्ये हे शंभर टक्के खरं आहे. तिथे मनोऱ्याने कधी दाखवलं, कधी नाही, असं झालं तर लोक माउस फेकून मारतील, कारण चूक सुधारायला अर्धा सेकंदही नसतो. पण दोन दिवसांना एक टर्न अशा गेममध्ये आकडे नेमके ठेवले, तर छापेखोर कागद-पेन्सिल घेऊन बसतो, गस्त पंचेचाळीसपर्यंत चालते असं काढतो, आणि शेहेचाळीसची टोळी निर्धास्त पाठवतो. मग ती कधीच सापडत नाही. गस्त घालणाऱ्याचा पैसा वायाच जातो. फासा असला की निदान अधूनमधून ती टोळी पकडली जाते, महाग स्वार मरतात, आणि छापेखोराला प्रत्येक पावलाला पोटात गोळा येतो. भीतीचा थोडा वाटा त्याच्याही पदरात हवाच.

लेखकांनी सातव्या प्रकरणात याच्या उलट बाजूने लिहिताना पहिल्या युगातला एक कल्पित डाव मांडला आहे, त्यात फासा उल्मच्या विरुद्ध सलग चार वेळा पडतो आणि राज्य बुडतं. वाचताना समासात मी पेन्सिलने दोनदा ‘हेलहाइम’ लिहून ठेवलं. त्यांनी ते खुशाल खोडावं. फक्त त्याआधी त्यांनी आपल्या नेमक्या आकड्यांचा नियम लावून, हेलहाइमच्या शेजारचं राष्ट्र घेऊन, एक पूर्ण डाव खेळावा.